‘एक रुपया देणार नाही!’ : घरमालक, मिस्त्री आणि पावणेचार हजार वर्षांचं भांडण

ज्यांना ऐकायला वेळ झाला नाही, किंवा लोकलच्या गोंगाटात अर्धं ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा वाचायचा मजकूर.

आजची गोष्ट आमच्या मामाच्या बाथरूमपासून सुरू होते. हसू नका, इतिहास तिथूनच सुरू होणार आहे.

मामाच्या डोंबिवलीच्या फ्लॅटचं बाथरूम गळत होतं. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज वर येऊन त्यांच्या छतावरच्या ओल्या डागाचा नवा फोटो दाखवायच्या. शेवटी मामाने एक मिस्त्री ठरवले. जुन्या टाइल्स फोडायच्या, वॉटरप्रूफिंग करायचं, पाइप बदलायचे, नव्या टाइल्स बसवायच्या. मटेरियलसकट १ लाख ४० हजार. बोली तोंडीच. ॲडव्हान्स आणि मधले हप्ते धरून १ लाख दिले गेले. काम चालू असताना मामी म्हणाली, “मिस्त्री, आलाच आहात तर ओट्यामागच्या टाइल्सपण बदलून टाका.” मिस्त्री म्हणाले, “करतो की, वहिनी.” रेट ठरला, २०० रुपये स्क्वेअर फूट. माप कोणीच घेतलं नाही.

काम संपलं. गळती थांबली. पण बाथरूमचा उतार चुकला होता. पाणी नहाणी ट्रॅपकडे जायचं सोडून दारापाशी साचायला लागलं. चार टाइल्स वाजवून पाहिल्या तर पोकळ आवाज. इकडे मिस्त्रींनी फायनल बिल दिलं. बाकी ४० हजार, अधिक ओट्याच्या ६० स्क्वेअर फुटांचे १२ हजार. एकूण ५२ हजार.

मामा म्हणाला, “एक रुपया देणार नाही!”

मिस्त्री म्हणाले, “काका, दोन पोरांची मजुरी माझ्या अंगावर आहे. गळती थांबली की नाही ते सांगा. थांबली ना? मग पैसे द्या.”

तीन महिने हेच चाललं. फोन उचलायचे नाहीत, व्हॉट्सॲपवर निळी टिक आली तरी उत्तर नाही. आणि खरं सांगू का, मला दोघांचंही पटत होतं. मामाला हवं तसं काम मिळालं नव्हतं. मिस्त्रींनी घाम गाळला होता, आणि त्या घामाचा फायदा मामा रोज सकाळी आंघोळ करताना घेत होता.

तर आजचा प्रश्न हा. कामात खोट राहिली तर बिलाचं काय करायचं? सगळं अडवायचं, सगळं द्यायचं, की मोजून कापायचं? तुम्हाला वाटेल, यात काय एवढं, मोजून कापायचं. पण कायद्याला हे साधं उत्तर नीट सापडायला शेकडो वर्षं लागली. चला, मागे जाऊ या.

बॅबिलोनचा स्क्वेअर फूट रेट

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी. काळ इसवी सनापूर्वी १७५०च्या आसपास. त्याने आपले कायदे एका काळ्या दगडावर कोरून घेतले. हा सव्वादोन मीटर उंच दगड फ्रेंच उत्खननात १९०१-०२च्या हिवाळ्यात इराणमधल्या सुसा इथे सापडला आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातली २२८ ते २३३ ही सहा कलमं घर बांधणाऱ्या गवंड्याबद्दल आहेत.

पहिलंच कलम रेटचं! गवंड्याने घर बांधून पूर्ण केलं, तर मालकाने त्याला दर ‘सार’मागे दोन शेकेल चांदी द्यायची. सार म्हणजे साधारण ३६ चौरस मीटर, आपल्या भाषेत सुमारे ३९० स्क्वेअर फूट. दोन शेकेल म्हणजे साधारण १६-१७ ग्रॅम चांदी. म्हणजे बघा, स्क्वेअर फुटावर रेट लावायची पद्धत काही आपल्या बिल्डरांनी शोधलेली नाही.

पुढची कलमं भयंकर आहेत. घर कोसळून मालक मेला तर गवंड्याला मृत्युदंड. मालकाचा मुलगा मेला तर गवंड्याच्या मुलाला. पण शेवटची दोन कलमं ऐका. घर पडून सामानाचं नुकसान झालं तर गवंड्याने भरपाई द्यायची आणि घर स्वखर्चाने पुन्हा उभं करायचं. आणि भिंत नीट बांधली नाही, ती पडायला आली, तर गवंड्याने ती आपल्या चांदीतून पक्की करून द्यायची.

आज मिस्त्रीला आपण म्हणतो ना, “तुमच्या खर्चाने करून द्या,” त्याचं मूळ इतकं जुनं आहे. पण एक गोष्ट या सहा कलमांत नाही. काम झालंय, थोडं चुकलंय, आणि मालकच पैसे दाबून बसलाय, तर काय? त्यावर हम्मुराबीचा दगड गप्प आहे.

पूर्ण किंवा शून्य

आता मोठी उडी मारू या, थेट इंग्लंडला. का, तर आपल्या आजच्या करारांच्या कायद्याचा बराचसा पाया तिथला आहे. आणि तिथे या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं फार कडक होतं.

सुरुवात एका जहाजापासून होते. १७९३ साली एक खलाशी, जहाजावरचा सेकंड मेट, जमैकाहून लिव्हरपूलला निघाला. करार असा की पूर्ण प्रवास करून लिव्हरपूलला पोचलास तर ३० गिनी. नेहमीच्या पगारापेक्षा ही रक्कम बरीच मोठी होती. २ ऑगस्टला जहाज निघालं. २० सप्टेंबरला तो वारला. ९ ऑक्टोबरला जहाज लिव्हरपूलला लागलं. सात आठवडे त्याने काम केलं होतं, तीन आठवड्यांपेक्षाही कमी प्रवास बाकी होता. त्याची विधवा कोर्टात गेली, निदान केलेल्या कामाचे तरी पैसे द्या म्हणून. १७९५ साली निकाल लागला : शून्य. करार पूर्ण प्रवासाचा होता, प्रवास पूर्ण झाला नाही, विषय संपला.

हा खटला ‘कटर विरुद्ध पॉवेल’ म्हणून ओळखला जातो. खलाशाचा असला तरी त्यातला नियम गवंड्यांच्या डोक्यावरही बसला. एकरकमी कामाचा करार असेल तर काम पूर्ण करा, नाहीतर उरलेलं बिल विसरा.

१८९८ साली एका कंत्राटदाराला याची झळ बसली. त्याने ५६५ पौंडांत दोन घरं आणि तबेले बांधून द्यायचं ठरवलं होतं. ३३३ पौंडांचं काम झालं आणि त्याच्याकडचे पैसे संपले. काही रक्कम मिळाली होती, पण पुढे रेटायची ताकद उरली नाही. त्याने हात वर केले. मालकाने उरलेलं काम स्वतः करून घेतलं, आणि त्यासाठी कंत्राटदाराचं तिथे पडलेलं सामानही वापरलं. कंत्राटदार कोर्टात गेला.

निकाल मजेशीर आहे. सुट्या सामानाचे पैसे मिळतील, पण उभ्या भिंतींचे नाहीत! कारण काय? सामान वापरायचं की परत करायचं, हे मालकाच्या हातात होतं. त्याने वापरलं, म्हणजे स्वीकारलं. पण अर्धवट भिंती त्याच्याच जमिनीवर उभ्या. त्या ‘परत’ कशा करणार? नको असल्या तरी त्या तिथेच राहणार. त्यामुळे त्या ठेवून घेतल्या म्हणून मालकाने त्या मान्य केल्या, असं म्हणता येत नाही.

तर्क बिनचूक वाटतो ना? पण त्या कंत्राटदाराच्या बाजूने बघा. दुसऱ्याच्या जमिनीवर काम करणाऱ्या माणसाची अडचणच ही आहे. शिंप्याचं बिल थकलं तर तो शर्ट देत नाही. मिस्त्री टाइल्स उपटून घरी नेऊ शकत नाही. एकदा सिमेंट सुकलं की सगळी ताकद मालकाकडे जाते.

पाइप कुठल्या कंपनीचे?

आता अमेरिका. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला तोंडपाठ असतो : ‘जेकब अँड यंग्ज विरुद्ध केंट’, न्यूयॉर्क, १९२१.

कंत्राटदार कंपनीने एका गृहस्थासाठी गावाबाहेर आलिशान घर बांधलं. खर्च ७७ हजार डॉलरहून जास्त. जून १९१४ मध्ये काम संपलं, मालक राहायला आला. शेवटचे ३,४८३ डॉलर ४६ सेंट बाकी होते. मार्च १९१५ पर्यंत कामात खोट असल्याची तक्रार नव्हती. मग लक्षात आलं की करारात लिहिलं होतं, सगळे पाइप ‘रेडिंग’ या कारखान्याचे हवेत. प्रत्यक्षात बरेचसे पाइप दुसऱ्या कारखान्यांचे निघाले. आर्किटेक्टने फर्मान काढलं : बदला.

पण पाइप तर भिंतींच्या आत! ते बदलायचे म्हणजे उभं घर ठिकठिकाणी फोडायचं. कंत्राटदाराचं म्हणणं होतं की हे पाइपही त्याच दर्जाचे, त्याच वजनाचे, त्याच किमतीचे आहेत, फक्त शिक्का वेगळा. चूक झाली ती नजरचुकीने. मालक म्हणाला, करार म्हणजे करार. बाकी पैसे देणार नाही.

न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी निकाल लिहिला. चूक किरकोळ असेल आणि मुद्दाम केलेली नसेल, तर तेवढ्यासाठी सगळं बिल बुडवता येणार नाही. मालकाला भरपाई मिळेल, पण ती घर फोडून पाइप बदलायच्या खर्चाइतकी नाही. या पाइपांमुळे घराच्या किमतीत जो फरक पडला असेल तेवढीच, म्हणजे इथे जवळपास शून्य. मात्र त्यांनी दोन कुंपणंही घातली. जो जाणूनबुजून फसवतो त्याला ही सवलत नाही. आणि दोघांनी आधीच स्पष्ट ठरवलं असेल की अमुक गोष्ट झाली तरच पैसे, तर तसंच होईल.

निकाल ४ विरुद्ध ३ असा लागला. म्हणजे सातातल्या तीन न्यायाधीशांना हे पटलं नव्हतं! त्यांचं म्हणणं होतं की दोन ते अडीच हजार फूट पाइपांपैकी फार तर हजार फूट करारातले निघाले. आणि मालकाला तेच पाइप का हवे होते हे विचारणारे आपण कोण? पैसे त्याचे, घर त्याचं.

मला विचाराल तर यातलं एक मत सरळ फेकून देता येत नाही. तुम्ही घरासाठी अमुक कंपनीच्या वायर सांगितल्या आणि मिस्त्रीने दुसऱ्याच लावल्या, तर “सेमच आहे हो” हे उत्तर तुम्हाला चालेल का?

वॉर्डरोबचं दार आणि गार घर

इंग्लंडमध्येही बर्फ वितळत होता. १९१६ साली घरदुरुस्तीच्याच एका खटल्यात काँक्रीट ठरल्यापेक्षा कमी खोल होतं, खांब ठरलेल्या मापाचे नव्हते. खालच्या पातळीवर बिल्डरला शून्य मिळालं होतं. अपिलात ते फिरलं : काम वाईट झालं म्हणजे काम झालंच नाही असं नाही. पैसे द्या, वजावट करा.

आणि मग १९५२. एका माणसाने आपला एका खोलीचा फ्लॅट सजवून आणि फर्निचर करून घ्यायचं काम ७५० पौंडांना दिलं. ४०० पौंड दिले, ३५० अडवले. तक्रारी काय? वॉर्डरोबचं एक दार बदलावं लागणार, पुस्तकांचं एक शेल्फ आखूड झालंय, अशा. हे सगळं दुरुस्त करायचा खर्च कोर्टाने काढला : ५५ पौंड १८ शिलिंग २ पेन्स. मग साधी वजाबाकी. ३५० मधून ते वजा करा, उरलेले २९४ पौंड १ शिलिंग १० पेन्स कारागिराला द्या. निकाल देणाऱ्यांत पुढे खूप गाजलेले लॉर्ड डेनिंग होते.

पण मिस्त्री मंडळींनी लगेच पेढे वाटू नयेत. १९७२ साली त्याच इंग्लंडमध्ये एका घरात सेंट्रल हीटिंग बसवलं, ५६० पौंडांना. घर नीट तापेना, आणि वर खोल्यांमध्ये धूर आणि वास. दुरुस्तीचा खर्च सुमारे १७४ पौंड. कोर्ट म्हणालं, घर गरम करायचं काम होतं आणि घर गरमच होत नाही. मग काम झालं असं कसं म्हणायचं? कंत्राटदाराला एकरकमी बिलातलं काहीही नाही.

दोन आकडे शेजारी ठेवा. पहिल्या खटल्यात खोट बिलाच्या साधारण साडेसात टक्के, दुसऱ्यात ३१ टक्के. पण नुसती टक्केवारी नाही. मूळ हेतू पुरा झाला का, हा खरा प्रश्न. वॉर्डरोबचं दार बिघडलं तरी त्या खोलीत माणूस राहू शकत होता. हीटरने गरमच केलं नाही तर तो हीटर कशाचा?

आणि आपल्याकडे?

आपला करार कायदा १८७२चा. ब्रिटिशांनी केला आणि आजही तोच चालतो. त्यात एक कलम आहे, ७० नंबरचं. सोप्या भाषेत सांगायचं तर, कोणी तुमच्यासाठी कायदेशीरपणे काही काम केलं, ते फुकट करायचा त्याचा विचार नव्हता, आणि तुम्ही त्याचा फायदा घेतला, तर तुम्हाला मोबदला द्यावा लागेल.

याचा मोठा निकाल १९६१ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने दिला, पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स या खटल्यात. १९४४ साली एका कंत्राटदाराने सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून शेड, कच्चा रस्ता, स्वयंपाकघर अशी कामं केली. सरकारने ती वापरली. पण कायद्याला लागतो तसा रीतसर करार झालाच नव्हता, म्हणून सरकार म्हणे, पैसे लागू होत नाहीत. मुख्य निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. मूळचे साताऱ्याचे, पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांनी सांगितलं की काम नको होतं तर नाकारायचं होतं. स्वीकारलंत, वापरलंत, मग मोबदला द्या.

आता मामीचं ते वाक्य आठवा : “आलाच आहात तर ओट्यामागच्या टाइल्सपण बदलून टाका.” कागदावर नव्हतं म्हणून ते फुकट होत नाही!

दुसऱ्या बाजूला, घरमालकालाही हत्यार मिळालं. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि १९९३ मध्ये ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट समावेश झाला. आता २०१९ चा नवा कायदा आहे. ग्राहक आयोगात वकिलाशिवाय, ऑनलाइनसुद्धा तक्रार करता येते. मुदत साधारण दोन वर्षांची. पण लक्षात घ्या, हा दरवाजा ग्राहकासाठी आहे. मिस्त्रीचं बिल मालकाने बुडवलं तर मिस्त्रीला दिवाणी कोर्टातच जावं लागतं, साधारण तीन वर्षांच्या आत. आणि ४० हजारांसाठी रोजंदारी बुडवून तारखांना कोण जाणार? म्हणून तो जात नाही. पुढच्या गिऱ्हाइकाकडून जास्त ॲडव्हान्स मागतो. आपण म्हणतो, हल्ली मिस्त्री फार ॲडव्हान्स मागतात. का मागतात, त्याचं एक कारण हे आहे.

मग मामाचं काय झालं?

मी मामाला वॉर्डरोबच्या दाराची ती गोष्ट सांगितली. तो आधी चिडला. “तू कोणाच्या बाजूने आहेस?” मग म्हणाला, “बोलव त्यांना.”

रविवारी सकाळी मिस्त्री आले. मामीने चहा ठेवला. सरकारी बांधकाम खात्यात एक मोजमाप वही असते, एमबी म्हणतात तिला. पानांना नंबर, जागेवर घेतलेली लांबी-रुंदी, आणि त्यावरूनच बिल. आम्ही तेच केलं, शाळेच्या जुन्या वहीत. टेप लावली. ओट्यामागचं काम ६० नाही, ४८ स्क्वेअर फूट भरलं. मिस्त्रींनी स्वतः मोजून मान हलवली. ९,६०० रुपये. उतार नीट करून चार टाइल्स पुन्हा बसवायला दुसऱ्या एका गवंड्याने ११ हजार सांगितले होते. मिस्त्री म्हणाले, “काका, मीच करून देतो, मला कमी पडेल.” मामाचा विश्वास उडाला होता. नको म्हणाला. मग वजाबाकी : ४० हजार अधिक ९,६०० उणे ११ हजार. ३८,६०० रुपये. मामाने तिथल्या तिथे फोनवरून पाठवले.

दोघंही खूश नव्हते. मिस्त्रींना वाटलं ११ हजार जास्त कापले. मामाला वाटलं तीन महिन्यांच्या मनस्तापाचं काहीच मिळालं नाही. पण दोघंही एकमेकांच्या समोर बसून चहा प्यायले, आणि जाताना मिस्त्रींनी चप्पल घालता घालता सांगितलं, त्या पोरांची मजुरी आज देऊन टाकतो.

या सगळ्या इतिहासातून मी एवढंच घेतलं. ‘एक रुपया देणार नाही’ आणि ‘पूर्ण बिल द्या’ ही दोन्ही वाक्यं रागाची आहेत. कामाचं मूळ साधलंय का, खोट किती, ती काढायला खर्च किती, हे तीन प्रश्न हिशोबाचे आहेत. आणि हिशोब करायचा तर आधी कुठेतरी लिहिलेलं लागतं. हम्मुराबीने दगडावर कोरलं. तुमच्या खिशात फोन आहे. रेट, माप, पाइपची कंपनी, वाढीव काम, सगळं एका मेसेजमध्ये टाका आणि समोरच्याकडून ‘हो’ घ्या. भिंत बंद व्हायच्या आधी आतल्या पाइपांचा फोटो काढा. यात मिस्त्रीवर अविश्वास नाही. ते लिहिलेलं उद्या त्याच्याही उपयोगाला येतं.

तुमच्याही घरी असं फायनल बिल अडकलंय का? तुम्ही मामाच्या बाजूला आहात, की मिस्त्रीच्या? की तुम्ही स्वतःच मिस्त्री आहात? तसं असेल तर तुमची गोष्ट आम्हाला नक्की पाठवा, कारण ही बाजू फार कमी वेळा ऐकू येते.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि हो, नहाणी ट्रॅपकडे उतार आहे की नाही, तेवढं पाणी ओतून बघा!